नटवर्य केशवराव दाते : रंगपटातून रुपेरी पडद्यावर



महाड हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. १७९६ साली नाना फडणीस पुण्यातून निघाले ते येथेच येऊन राहिले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या मसनदीची वाटाघाट ज्या तहाने पुरी झाली त्याला महाडचेच नाव आहे. पुढे सहा वर्षांनी तोच बाजीराव होळकरांच्या भयाने पळाला आणि सावित्रीच्या काठी याच गावाच्या आश्रयाला आला. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हापासून तर महाडचे नाव साऱ्या हिंदुस्थानाला ठाऊक झाले. या मोठ्या गोष्टींच्या छायेत आमच्या गावाची आणखी एक ओळख झाकून गेली आहे. ती म्हणजे नाट्यकलेची. पुढे ज्या नटाविषयी मी बोलणार आहे तो महाडचा नव्हे. परंतु ज्या दारातून तो रंगभूमीवर आला ते दार बांधणाऱ्यांमध्ये एक महाडकर होता. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो.

यशवंत नारायण ऊर्फ आप्पा टिपणीस यांचा जन्म १८७६ सालचा, महाडचा. नट, नाटककार आणि तालीममास्तर अशी तिन्ही कामे त्यांनी केली. 'कमला', 'मत्स्यगंधा', 'शिक्का कट्यार' ही त्यांची नाटके जुन्या पिढीतील रसिकांच्या तोंडी असत. १९०४ साली त्र्यंबकराव कारखानीस आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'महाराष्ट्र नाटक मंडळी' ही संस्था उभी केली. हिला संस्थाच म्हटले पाहिजे. कारण एखाद्या श्रीमंत मालकाने पगारी नट जमवून चालविलेला हा धंदा नव्हता. शिकलेल्या तरुणांनी, नाटक हे समाजाला जागे करण्याचे साधन आहे अशा श्रद्धेने चालविलेला तो उद्योग होता. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्यासारखा टिळकांच्या तालमीत तयार झालेला लेखक मंडळीला लाभला. १९०७ साली त्यांचे 'कीचकवध' या मंडळीने रंगभूमीवर आणले. द्रौपदीचा छळ करणारा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे ही भारतभूमी, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. सरकारलाही ते समजले, फक्त तीन वर्षे उशिरा. १९१० साली नाटकावर बंदी आली.

त्याच १९०७ साली रत्नागिरी जिल्ह्यातील एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा या मंडळीत दाखल झाला. त्याचे नाव केशव त्र्यंबक दाते. जन्म २४ सप्टेंबर १८८९ चा. गाव राजापूर तालुक्यातील आडिवरे, महाकालीच्या देवस्थानामुळे कोकणात सर्वांना माहीत असलेले.

नाटकमंडळीत जाणे म्हणजे त्या काळी काय होते, याची कल्पना आजच्या तरुण श्रोत्यांना येणे कठीण आहे. मंडळी म्हणजे एक फिरते बिऱ्हाड. गावोगाव मुक्काम, एकाच पंक्तीला जेवण, सकाळी तालीम, दुपारी पडदे आणि कपडे यांची डागडुजी, रात्री खेळ. नवीन पोराला प्रथम पाणी भरणे, निरोप पोहोचविणे असली कामे येत. मग एखाद्या शिपायाचा किंवा दासीचा पार्ट. आणि पुष्कळ काळाने, आपल्या भाषणांची वेगळी उतरून काढलेली वही हाती पडे. तिला 'नक्कल' म्हणत. नक्कल हाती आली की पोराला नट म्हणावयाचे.

केशवरावांच्या वाट्याला आलेली मंडळी गद्य नाटके करणारी होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळात मराठी रंगभूमीचे राज्य गाणाऱ्या नटांकडे होते. संगीत नाटकात एखादे पद तिसऱ्यांदा 'वन्समोअर' घेत असताना कथानक थांबून राहिले तरी कोणाला खंत नसे. गोड गळा हे नटाचे भांडवल होते आणि त्या भांडवलावर त्याचा संसार चाले. गद्य नटाला ही सोय नव्हती. त्याच्यापाशी शब्द, चेहरा आणि हात एवढेच सामान. बहुतेक गद्य नटांनी ही उणीव आवाजाच्या जोरावर भरून काढली. हजार माणसांचे नाटकगृह, ध्वनिवर्धक नाही, किटसनचे दिवे सूं-सूं करीत आहेत आणि शेवटच्या बाकावरचा चार आण्यांचा प्रेक्षक 'मोठ्याने बोला' म्हणून ओरडण्याच्या तयारीत बसलेला आहे. अशा स्थितीत कानातली कुजबुजसुद्धा गर्जना करून सांगावी लागे. वाक्याच्या अखेरीस स्वर चढवून टाळी घ्यावयाची, हा त्या कलेचा एक ठरलेला संकेत होऊन बसला होता.

आता केशवरावांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, आणि चित्रपटांतून तो आजही ऐकावयास मिळतो, त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. तो आवाज भरदार नव्हे. किंचित पातळ, कोरडा, थोडा नाकातून येणारा. देहही किरकोळ. भर दरबारात उभे राहून नुसत्या अस्तित्वाने सभा जिंकावी असे रूप निसर्गाने त्यांना दिलेले नव्हते. गाता गळा नाही, गर्जणारा कंठ नाही, देखणेपण नाही. आणि तरीही हा मनुष्य पन्नासांहून अधिक वर्षे अभिनय करून नटवर्य म्हणविला गेला. हे कसे घडले, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

त्याचे पहिले उत्तर त्यांच्या स्त्रीभूमिकांत आहे. स्त्रियांनी रंगभूमीवर यावयाचे नाही असा काळ तो. तेव्हा सडपातळ अंगाच्या तरुण नटाला साडी नेसावी लागणे हे ओघानेच आले. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकातील आनंदीबाई ही केशवरावांची गाजलेली भूमिका. नारायणराव पेशव्यांचा वध १७७३ सालच्या भाद्रपदात झाला. 'ध' चा 'मा' करणारी म्हणून आनंदीबाईचे नाव आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. अशी बाई रंगविताना नट बहुधा तिला राक्षसीण करून मोकळा होतो. परंतु खाडिलकरांची आनंदीबाई महत्त्वाकांक्षी आहे, बुद्धिमान आहे, नवऱ्यावर तिचे प्रेमही आहे आणि नवऱ्याचा दुबळेपणाही ती पुरता ओळखून आहे. ही गुंतागुंत ओरडून दाखविता येत नाही. शिवाय पुरुषाने स्त्री व्हावयाचे तर प्रत्येक हालचाल आखडती घ्यावी लागते. पाऊल लहान, हात अंगाला धरून, मान किती वळवावयाची याचेही मोजमाप. बालगंधर्वांनी हे मोजमाप लावण्याकडे नेले. केशवरावांनी ते विचाराकडे नेले, असे मी समजतो. अंगाने थोडे करावयाचे आणि प्रेक्षकाला पुष्कळ समजावयाचे, ही शिस्त त्यांना आनंदीबाईने लावली असली पाहिजे. पुढे काळ पालटला आणि मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त दुर्गाबाई खोटे यांनी आनंदीबाई उभी केली. एका स्त्रीची भूमिका स्त्रीकडे परत गेली. परंतु पहिल्या आनंदीबाईने आपले शिक्षण पुरे करून घेतले होते.

(जाता जाता सांगतो : ज्या राघोबादादांसाठी आनंदीबाईने एवढे केले त्यांचाच पुत्र तो पळून आमच्या महाडास आलेला बाजीराव. आमच्या शाळेत इतिहासाच्या तासाला हे सांगितले की पोरे हसत असत.)

येथे मला स्वतःचा एक प्रमाद सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर. माझी पुष्कळशी नोकरी पोलादपूर तालुक्यातील डोंगराळ गावांत झाली. १९८० नंतरच्या दोन-चार वर्षांतील गोष्ट असेल. स्नेहसंमेलनासाठी 'भाऊबंदकी'तील रामशास्त्र्यांचा प्रवेश बसवावयाचा मी बेत केला. सातवीतला एक मुलगा माझ्या मागे लागला, "गुरुजी, मला रामशास्त्री द्या." त्याने सगळी भाषणे पाठ केली होती, त्याचीच नव्हेत, राघोबांचीसुद्धा. परंतु मुलाचा आवाज बारीक. मी त्याला सर्वांदेखत म्हणालो, "अरे, तुझा आवाज दुसऱ्या रांगेलासुद्धा पोहोचायचा नाही. न्यायाधीश असा चिवचिवतो होय?" पोरे हसली. तो हसला नाही. रामशास्त्री पाटलाच्या धिप्पाड मुलाला मिळाला आणि याला मी पडद्याची दोरी ओढण्यास ठेवले. संमेलनाच्या रात्री पाटलाचा मुलगा मधेच अडखळला, तेव्हा विंगेतून दोरी धरलेल्या त्या मुलाने वाक्य सांगितले. ते पुटपुटणे नव्हते. ते सबंध वाक्य, अर्थासकट, शांतपणे सांगितलेले होते. मी ते ऐकले आणि काही बोललो नाही. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली.

या गोष्टीकडे मी पुन्हा येईन. आता केशवरावांकडे वळू.

१९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि पडदा बोलू लागला. मराठी नाटकमंडळ्यांवर हा घाव वर्मी बसला. चार आण्यांत, पावसाळ्यातसुद्धा, दिवसातून तीनदा होणारा आणि कोणत्याही नटाच्या घशावर अवलंबून नसणारा खेळ गावात आल्यावर पन्नास-साठ माणसांचे बिऱ्हाड घेऊन फिरणारी मंडळी टिकणार कशी? कर्ज तर बहुतेकांना आधीपासूनच होते. एकामागून एक मंडळ्या बसल्या. नट घरी बसले, काही बोलपटांच्या दारात रांगेला उभे राहिले.

अशा वेळी, १९३३ साली, केशवरावांनी एक धाडस केले. मुंबईतील काही सुशिक्षित नाट्यप्रेमींनी 'नाट्यमन्वंतर' नावाची संस्था काढली. तीत ते सामील झाले. श्री. वि. वर्तक यांनी नॉर्वेतील नाटककार ब्यर्नसन यांच्या एका नाटकावरून लिहिलेले 'आंधळ्यांची शाळा' हे त्यांचे पहिले नाटक. रंगलेल्या पडद्यांऐवजी खऱ्यासारखी खोली, लांबलचक स्वगते नाहीत, थोडकी गाणी, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडे. बिंबाची भूमिका ज्योत्स्नाबाई भोळे यांनी केली. मुख्य म्हणजे माणसे घरात बोलतात तशी रंगभूमीवर बोलू लागली. केशवरावांच्या कोरड्या, संयमी वाणीला प्रथमच आपल्या घरी आल्यासारखे वाटले असेल. संस्था मात्र दोन-तीन वर्षांपलीकडे टिकली नाही. प्रयोग चांगला आणि हिशेब वाईट, ही आपल्याकडील सत्कार्यांची जुनीच कथा.

याच १९३३ साली विलायतेत काय चालले होते ते पाहणे उद्बोधक आहे. चार्ल्स लॉटन नावाचा एक इंग्रज नट. जन्म १८९९, यॉर्कशायरमधील स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी, खाणावळवाल्यांच्या घरात. अंगाने स्थूल, चेहऱ्याने बेढब. त्यालाही निसर्गाने नायकाचे रूप नाकारलेले होते. लंडनच्या नाट्यविद्यालयात शिकून तो रंगभूमीवर आला आणि १९३३ साली आठव्या हेन्री राजावरील चित्रपटात त्याने असे काम केले की अमेरिकेचे ऑस्कर पारितोषिक त्याच्याकडे चालत आले. एवढी कीर्ती मिळाल्यावर त्याने काय करावे? त्याच वर्षी तो लंडनच्या 'ओल्ड व्हिक' नाटकगृहात शेक्सपिअरची नाटके करावयास परत गेला. हे त्याला शक्य झाले, कारण परत जाण्यासाठी नाटकगृह जागेवर होते. लंडनच्या नटाला दोन घरे होती. दिवसा चित्रपटाच्या आवारात आणि रात्री रंगभूमीवर, असे कित्येकांचे आयुष्य गेले. आपल्या नटाला मात्र एक घर पेटलेले पाहून दुसऱ्या घरात उडी मारावी लागली. गुणांची तुलना मी करीत नाही, परिस्थितीची करतो.

केशवरावांनी ती उडी १९३४ साली मारली. प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून नुकतीच पुण्यास आली होती. पुण्यातील त्यांचा पहिला चित्रपट 'अमृतमंथन', दिग्दर्शक व्ही. शांताराम. देवीपुढील बळी बंद करणाऱ्या राजाविरुद्ध कारस्थान रचणारा राजगुरू हे त्यातील प्रमुख पात्र. हिंदी आवृत्तीत ही भूमिका चंद्रमोहन यांनी केली आणि पडदाभर दिसणारा त्यांचा तो प्रसिद्ध डोळा लोक आजही विसरलेले नाहीत. मराठी आवृत्तीत राजगुरू होते केशवराव दाते. एकच पात्र, एकच दिग्दर्शक, दोन नट.

रंगभूमीवरील मोठेपण पडद्यावर आपोआप उतरत नाही, याचे उदाहरण प्रभातनेच पुढच्या वर्षी दिले. प्रत्यक्ष बालगंधर्वांना घेऊन 'धर्मात्मा' हा एकनाथांच्या जीवनावरील चित्रपट निघाला. पुरुषवेषातील बालगंधर्व लोकांनी आदराने पाहिले, पण नाटकगृहात होत असे तशी वेडीपिशी माणसे तेथे झाली नाहीत. याचे कारण कलेच्या यंत्रात आहे. नाटकगृहातील प्रेक्षक नटापासून पन्नास हात दूर असतो आणि नट त्याच्यापर्यंत पोहोचतो. चित्रपटात कॅमेरा हा प्रेक्षक नटाच्या नाकापासून दोन हातांवर येऊन उभा राहतो. पन्नास हातांसाठी बेतलेला हावभाव दोन हातांवरून पाहिला म्हणजे तो खोटा वाटू लागतो. आवाजाचेही तसेच. त्या काळी आवाज बहुधा जागच्या जागीच, दृश्याबरोबर टिपला जाई. ध्वनिग्राहक यंत्राला गर्जना नको असे, स्पष्टता हवी असे. तीस वर्षे ज्या गोष्टींची केशवरावांना उणीव म्हणून गणना होत आली, त्या या नव्या धंद्यात एकाएकी गुण ठरल्या. त्यांना फारसे काही विसरावे लागले नाही.

आणि मग १९३७ साली 'कुंकू' आला.

ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामांनी हा चित्रपट काढला. हिंदी नाव 'दुनिया न माने'. कथा सांगण्यास सोपी आहे. नीरा ही पोरकी मुलगी. मामा पैशाच्या लोभाने तिला फसवून एका वयोवृद्ध विधुर वकिलाशी तिचे लग्न लावतो. नीरा त्या नवऱ्याला पती म्हणून स्वीकारण्याचे साफ नाकारते. शांता आपटे यांनी नीरा अशा तेजाने उभी केली की चित्रपट त्यांचा झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु त्या तेजाला ज्याच्यावर आदळावयाचे तो म्हातारा, काकासाहेब, जर निव्वळ दुष्ट निघाला असता तर सगळा चित्रपट एक प्रचारकी व्याख्यान झाला असता. केशवरावांनी त्याला दुष्ट होऊ दिले नाही.

हा चित्रपट मी प्रथम १९८६ च्या सुमारास दूरदर्शनवर पाहिला. महाडास माझ्या बहिणीच्या घरी आळीतली पंचवीस-तीस माणसे दाटीवाटीने बसली होती. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, हे मला प्रथम उमगलेसुद्धा नाही. मग लक्षात आले की घरातील वस्तूंचे आवाज तेवढे ऐकू येतात. भांडी, पावले, दार, आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लंबक. वाद्यांचा आधार नसल्यामुळे नटाच्या गप्प राहण्याला काही झाकण उरत नाही. त्याने मौन धरले की घड्याळाचे ठोके ऐकू येतात, आणि त्या ठोक्यांबरोबर म्हाताऱ्याचे उरलेले आयुष्य मोजले जात आहे असे वाटते. केशवराव ते मौन धरून ठेवतात. कितीदा तरी मला वाटले की आता हे काही बोलतील. आणि ते बोलत नाहीत, नुसती मान थोडी खाली घेतात.

म्हातारा आरशापुढे बसून तरुण दिसण्याची खटपट करतो, तो प्रसंग पाहताना प्रारंभी आमच्या आळीतील सगळी माणसे हसली. हसण्याजोगाच तो आहे. रंग लावलेल्या मिशा पाहून कोणाला हसू येणार नाही? परंतु पुढे फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांतून त्याचेच चेहरे त्याला वेडावू लागले तेव्हा घरात शांतता झाली. माझी बहीण पदराने डोळे पुसू लागली. ती तर नीरेच्या बाजूची. बिजवराला दिलेली मुलगी आमच्या नात्यातही होती आणि तिचे हाल तिने पाहिले होते. तरी त्या क्षणी तिला म्हाताऱ्याची कीव आली. अन्याय करणाऱ्याची कीव यावी आणि तरीही अन्याय तिळभर कमी वाटू नये, हे साधणे किती कठीण आहे याचा विचार श्रोत्यांनी करावा. केशवराव त्या वेळी अठ्ठेचाळिशीचे होते. त्यांनी म्हातारपण दाढीमिशांत शोधले नाही. खुर्चीवरून उठताना लागणाऱ्या त्या एका जादा क्षणात शोधले. अखेरीस काकासाहेबांना आपली चूक पुरी उमजते आणि ते स्वतःच तिच्या वाटेतून कायमचे दूर होतात. त्यांची समाजकार्य करणारी कन्या शकुंतला परांजपे यांनी केली होती, हेही नमूद केले पाहिजे. पुढे संततिनियमनाच्या कार्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्याच या.

चार वर्षांनी, १९४१ साली, 'शेजारी' आला. जिवबा आणि मिर्झा हे दोन शेजारी, एक हिंदू, एक मुसलमान. धरण बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या डावपेचाने दोन घरांत फूट पडते आणि धरण फुटताना दोघे मित्र एकमेकांचा हात धरून मरतात. जिवबा केशवरावांनी केला, मिर्झा गजाननराव जागीरदारांनी. फाळणीच्या सहा वर्षे आधी हा चित्रपट निघाला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. शांतारामांनी प्रभात सोडून १९४२ साली मुंबईस राजकमल कलामंदिर उभारले, तेव्हा केशवराव त्यांच्याबरोबर गेले. 'भक्तीचा मळा' या सावता माळ्यावरील चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी केले. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) यात ते चीनला निघालेल्या डॉक्टर मुलाचे वडील झाले. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या रंगीत नृत्यपटात नृत्यगुरू मंगल महाराज झाले; तबल्याच्या बोलावर कठोर होणारा तो गुरू उत्तर हिंदुस्थानातील लोकांनाही आवडला. १९५९ च्या 'नवरंग'मध्येही ते आहेत. १३ सप्टेंबर १९७१ रोजी, वयाच्या ब्याऐंशिव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते वारले. ज्यांच्या मंडळीतून ते आले त्या आप्पा टिपणिसांचे निधन त्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे, १९४३ सालीच झाले होते.

त्यांची आनंदीबाई आता कोठेही पाहावयास मिळणार नाही. ज्यांनी ती पाहिली ती माणसेही गेली. चित्रपटांचेही सर्वस्वी सुरक्षित आहे असे नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यास जुन्या नायट्रेट चित्रफितींच्या कोठारास आग लागली आणि प्रभातच्या कितीतरी मूळ फिती तीत जळाल्या. 'कुंकू' मात्र आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी शोधून पाहावा, आणि पाहताना घरातले पंखे, बोलणी वगैरे थोडा वेळ बंद ठेवावीत.

'कुंकू' पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. काकासाहेबांचा तो पातळ आवाज कानात होता आणि त्याच्यामागे, विंगेत दोरी धरून उभ्या असलेल्या त्या मुलाचा. सोमवारी शाळेत जाऊन मी त्याची चौकशी केली. तो मुंबईस कामाला लागला, एवढेच त्याच्या घरून कळले. त्याला पत्र लिहावे असे पुष्कळदा मनात आले, लिहिले नाही. मास्तराला माफी मागण्याची सवय नसते.

पुढे बारा-तेरा वर्षांनी पोलादपूरच्या स्थानकावर मी महाबळेश्वरकडे जाणाऱ्या एस. टी. मध्ये बसलो होतो. गाडी खचाखच भरलेली, आंबेनळी घाट पुढे, इंजिनाची घरघर, कोंबड्या, पोरांची रड. वाहकाने पुढे उभे राहून कोणता थांबा घेईल आणि कोणता घेणार नाही हे सांगितले. ओरडला नाही. बारीकच आवाज, पण शेवटच्या बाकावर मी बसलो होतो तेथे एकेक शब्द सुटा ऐकू आला, आणि सगळी गाडी गप्प बसून ऐकत होती. तिकीट फाडण्यास तो माझ्यापाशी आला तेव्हा त्याने मला ओळखले. "गुरुजी, कुठवर?" म्हणाला. मी म्हणालो, "वाड्यापर्यंत दे." मग जरा थांबून मी विचारले, रामशास्त्र्याचे भाषण आठवते काय. त्याने पंच खिशात टाकला, एका हाताने वरचा दांडा धरला, आणि घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत ते सबंध म्हणून दाखविले.